छापील खटले, जबान्या की काजीची वही?

कोर्टाच्या जुन्या कागदांवरून इतिहास लिहायचा म्हटले की सगळे कागद एकाच जातीचे धरून चालण्याची चूक हटकून होते. नवख्याच्या हाती सहसा तीन प्रकार पडतात आणि तिघांची फसवण्याची तऱ्हा निराळी असते.

सगळ्यात सोपे म्हणजे खटल्यांचे छापील वृत्तान्त. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ या काळातले वृत्तान्त, म्हणजे जवळपास दोन लाख खटले, इंटरनेटवर फुकट वाचता येतात. शब्द टाकला की खटला समोर. जुने हस्ताक्षर लावत बसायला नको. पण या पुस्तिका सुरुवातीला विकण्यासाठी निघत, त्यामुळे सनसनाटी मजकूर ऐसपैस आणि आरोपीचा बचाव कित्येकदा दोन ओळींत उरकलेला. आकड्यांनाही लगेच भुलू नका. अठराव्या शतकात राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरला तर फाशी होती. म्हणून ज्युरी पुष्कळदा मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवून मोकळी होई. वस्तूंच्या भावाचा तक्ता करणाऱ्याला हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. त्यात बाजारभाव शोधाल तर फसाल. ज्युरीला कुणाचा तरी गळा वाचवायचा होता, एवढेच त्यातून कळते.

दुसरा प्रकार जबान्यांचा. माझा जीव यांतच अडकलेला आहे, हे आधीच कबूल करतो. पामियेचा बिशप जाक फूर्निए, जो पुढे पोप झाला, त्याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या संशयावरून दक्षिण फ्रान्समधल्या शेतकऱ्यांची, मेंढपाळांची, बायकांची कसून चौकशी केली. मोंतायू गावच्या गढीच्या अधिकाऱ्याची विधवा बेआत्रिस हिच्या सामानात बाळांच्या वाळलेल्या नाळा सापडल्या. या कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली, मुलींच्या मुलांच्या आहेत. जवळ बाळगल्या तर कज्जा हरत नाही, असे कुणीतरी सांगितले होते. असला तपशील निकालपत्रात जन्मात मिळायचा नाही.

मात्र बेआत्रिस आपल्या ऑक्सितान बोलीत बोलली आणि लेखनिकाने ते लॅटिनमध्ये उतरवले, तेही बहुतेक ‘ती म्हणाली की’ अशा थाटात. पुष्कळ ठिकाणी प्रश्न गाळून फक्त उत्तरे राहिली आहेत, त्यामुळे साक्षीदार आपणहून घडाघडा बोलतोय असे वाटते. तसे नव्हते, समोर तुरुंगात टाकू शकणारा माणूस बसला होता. जबानी वाचताना प्रत्येक उत्तराआधी एक प्रश्न कल्पून बघावा. निम्मी वाक्ये तिथेच वेगळी वाटू लागतात.

तिसरा प्रकार उस्मानी म्हणजे ऑटोमन तुर्की साम्राज्यातल्या काजीच्या, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाच्या, वह्यांचा. त्यांत फक्त भांडणे नसतात. घराची विक्री, निकाह, कर्ज, मयताच्या मालमत्तेची यादी असे सगळे एकापाठोपाठ टिपलेले असते. नोंदी आखूड आणि ठरावीक साच्यातल्या, शेवटी हजर साक्षीदारांची नावे. माणसाचा स्वभाव कळत नाही, पण मोजदाद करायला यासारखे साधन नाही. मालमत्तेसाठी बायका स्वतः काजीपुढे उभ्या राहत, हे याच वह्यांनी दाखवले. आपसांत मिटलेले तंटे मात्र इथे बहुधा येतच नाहीत.

नुसत्या निकालांवर विसंबू नका. फ्रान्समध्ये १७९० पूर्वी न्यायाधीश निकालाची कारणे सहसा लिहीतच नसत. १५६० मध्ये गाजलेला तोतया मार्तें गेरचा खटला आज इतका बारकाईने कळतो, कारण त्या खटल्यातला न्यायाधीश जाँ द कोरास याने पुढच्याच वर्षी त्यावर स्वतः पुस्तक छापले. तेही अर्थात त्याच्याच बाजूने.

मग घ्यायचे काय? शिक्षा, गुन्हे, शहरी जीवन असा विषय असेल आणि हाताशी सहा महिने असतील तर छापील वृत्तान्त. एका गावाची किंवा एका माणसाची श्रद्धा, भीती, घरातली कुजबुज हवी असेल तर जबान्या. छापील आवृत्ती किंवा भाषांतर मिळते का ते आधी पाहा. जमीन, वारसा, कर्ज यांचा पन्नास वर्षांचा आलेख काढायचा असेल तर काजीच्या वह्या. पण उस्मानी तुर्की येत नसेल आणि एकच वर्ष मोकळे असेल तर त्या वाटेला जाऊ नका. लिपी आणि तिथली ठरीव भाषा अंगवळणी पडेपर्यंतच ते संपेल.