फोर्कलिफ्टचे बझर आणि दिवे: नुसते डेसिबल बघून घेऊ नका

आमच्या गोदामातल्या फोर्कलिफ्टची देखभाल माझ्याकडे असते. गाड्यांना वेगवेगळे रिव्हर्स बझर आणि दिवे लावून, वापरून झाले. काय पुन्हा घेईन आणि काय नाही, ते सांगतो.

विक्रेता आला की आधी डेसिबल सांगतो: ९७, १०७, ११२. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असा सूर. पण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. बंदिस्त शेडमध्ये ११२ चा बझर लावला की पहिला वैतागतो तो ऑपरेटर, कारण तो भोंगा दिवसभर त्याच्याच पाठीमागे बोंबलत असतो. मग एखाद्या सकाळी बझरच्या तोंडावर चिकटपट्टीचे तीन थर दिसतात, नाहीतर वायर ‘आपोआप’ निघालेली असते. मी ऑपरेटरला बोलत नाही. वस्तूच तशी घेतली तर तो तरी काय करणार? आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा पाच-दहा डेसिबल वर असला तरी बझर ऐकू येतो. गोंगाट मोजून स्वतःचा आवाज कमी-जास्त करणारे बझर मिळतात. दिवसा कन्व्हेयर चालू आणि रात्री सामसूम, अशा जागी तेच घ्यावेत.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा म्हणजे आवाज कुठून येतोय हे कळणं. नेहमीचा ‘पीप-पीप’ एकाच सुराचा असतो. तो रॅकवर, भिंतीवर आपटून फिरतो आणि दोन गाड्या एकदम मागे येत असतील तर माणूस उभ्या जागी गरगर बघत राहतो. एक पाऊल बाजूला सरकलं तरी तोच आवाज कमी-जास्त होतो. याला पर्याय ब्रॉडबँड बझर. त्याचा आवाज स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखा, नुसती खरखर. पहिल्यांदा ऐकून सगळे हसले. पण त्यात अनेक सूर एकत्र असल्यामुळे कानाला दिशा लगेच सापडते, आणि गाडीपासून लांब गेलं की तो पटकन विरतो, त्यामुळे पलीकडच्या ऑफिसातून तक्रार येत नाही. माझी पसंती यालाच.

निळा स्पॉट लाइट, म्हणजे गाडी येण्याआधी जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा, पैसे वसूल करतो, पण बसवण्यावर सगळं आहे. उंच माल उचलला की समोरचं दिसत नाही म्हणून ऑपरेटर गाडी उलटी चालवतो, तेव्हा एकच घ्यायचा असेल तर मागचा घ्या. आता हिशेब बघा. ताशी १० किलोमीटरने गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर सरकते. ठिपका तीन मीटरवर पाडला तर गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाला जेमतेम एक सेकंद मिळतो. पाच-सहा मीटरवर पाडा, दोन मिळतील. आणि ब्रॅकेट एका बोल्टचा असेल तर परत करा. फोर्कलिफ्टला भरीव टायर, सस्पेन्शन नाही. हादऱ्यांनी बोल्ट ढिला होतो, दिवा मान टाकतो आणि ठिपका चाकापाशी येऊन बसतो. दिवा चालू असतो, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन बोल्ट आणि लॉकनट हवेतच. बाहेर डॉकवर, उन्हात मात्र निळा ठिपका दिसतच नाही. तिथे बझरवरच भिस्त.

बाजूच्या लाल पट्ट्या, म्हणजे गाडीच्या कडेने जमिनीवर लाल रेघ पाडणारे दिवे, मला आधी शोभेच्या वाटायच्या. पण फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणजे वळताना शेपटाकडची बाजू बाहेर फेकली जाते आणि पायी चालणारा नेमका तिथेच उभा असतो. जमिनीवर रेघ दिसली की लोक आपसूक पाय मागे घेतात. अरुंद गल्लीत मात्र ती रेघ रॅकवर चढते आणि तिला काही अर्थ राहत नाही.

जोडणीबद्दल दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. बॅटरीच्या गाडीत निगेटिव्ह चेसिसला जोडलेलं नसतं, त्यामुळे कारसारखी ‘बॉडीला अर्थ’ मारायची नाही. दोन्ही वायर वेगळ्या न्यायच्या. गाड्या ४८ आणि ८० व्होल्टच्या मिसळ असतील तर १२ ते ८० व्होल्टवर चालणारे दिवे घ्या, म्हणजे स्पेअर एकच ठेवावा लागतो. दुसरं म्हणजे डोक्यावरच्या गार्डला भोक पाडू नका. पडणारा माल अडवायला ते असतं, भोकाने कमजोर होतं. क्लॅम्पवाला ब्रॅकेट मागा. मिळत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

पिवळ्या बीकनबद्दल, म्हणजे गाडीवरच्या फिरत्या दिव्याबद्दल, फारसं सांगण्यासारखं नाही. सगळ्याच गाड्यांवर तो सतत फिरत असला की कोणी ढुंकून बघत नाही. संथ लुकलुकणारा घ्या, आणि गार्डच्या माथ्यावर न लावता खाली, खांबाला लावा; माथ्यावरचे कंटेनरमध्ये शिरताना फुटतात. आमच्याकडे त्याच्या नुसत्या काचांचा खोका भरलाय.