व्हीएचएफ गेला, 800 मेगाहर्ट्झ आला: दोन्ही वापरलेल्या माणसाचा रिव्ह्यू

मी मिनेसोटात गावाकडे राहतो आणि इथल्या व्हॉलंटिअर फायर डिपार्टमेंटमध्ये आहे, जुना अॅनालॉग व्हीएचएफ रेडिओ पण वापरलाय आणि आताचा आर्मर पण. आर्मर म्हणजे राज्यभराची 800 मेगाहर्ट्झची डिजिटल रेडिओ सिस्टीम. 2007 ला मिनियापोलिसचा आय-35डब्ल्यू हायवेचा पूल मिसिसिपीत कोसळला तेव्हा मदतीला आलेल्या बऱ्याच एजन्सी ह्याच्यावरच एकमेकांशी बोलत होत्या.

आमच्याकडे पूल नाही, मका साठवायचे मोठे लोखंडी बिन आहेत. एकदा बिनमध्ये एक शेतकरी छातीपर्यंत मक्यात रुतला, त्याच्याभोवती उभे करायचे रेस्क्यूचे पॅनल शेजारच्या काउंटीच्या गाडीत होते. व्हीएचएफ असता तर आमच्या डिस्पॅचने, म्हणजे कंट्रोल रूमने, त्यांच्या डिस्पॅचला फोन लावायचा, त्यांनी गाडीला सांगायचं आणि उत्तर परत तेवढंच फिरून यायचं. ह्यावेळी गाडी निघाल्यापासून मी तिच्याशी थेट बोलत होतो, कुठल्या गेटने आत यायचं, ऑगर (मका ओढणारा स्क्रू) बंद केलाय, शिडी कुठे लावलीय, सगळं ते पोचायच्या आधीच सांगून झालेलं. माणूस जिवंत बाहेर आला. ह्या एका गोष्टीसाठी मी पाच स्टार द्यायला तयार आहे.

पण बिनच्या आत उतरलेल्या आमच्या पोराचा हँडसेट टॉवर पकडेना. हा कोणाचा दोष नाही, चारी बाजूंनी पत्रा असला की असंच होणार, फक्त अॅनालॉगमध्ये आधी खरखर वाढायची आणि कळायचं की आता तुटणार, डिजिटल एकदम गप्प होतो. अशा वेळी टॉवर सोडून सरळ रेडिओ ते रेडिओ चॅनल लावायचा, पण ज्यांनी आमचे हँडसेट प्रोग्रॅम केले त्यांनी तो चॅनल इतका आत टाकला होता की जाड ग्लोव्ह घालून सापडेचना! ते नंतर आम्ही बदलून घेतलं, आता नॉब पूर्ण फिरवला की तोच लागतो.

तुमच्या काउंटीत असा बदल होणार असेल तर कव्हरेजचा टक्का ऐकून खूश होऊ नका, तो गाडीतल्या रेडिओचा की कमरेच्या हँडसेटचा हे आधी विचारा, दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक असतो. आणि ट्रेनिंगचे पैसे वेगळे काढायला लावा. बटण दाबून बीप ऐकल्याशिवाय बोललं तर पहिले शब्द जातात, "आत जाऊ नका" मधलं "आत" गेलं तर ठीक, पण पूर्ण वाक्यच गेलं तर? आमच्या जुन्या लोकांना ही सवय लागायला एक अख्खा हिवाळा गेला.

चार स्टार. पाचवा मी ट्रकमध्ये रिपीटर बसेल त्या दिवशी देईन, तो मिळाला की बिनमधल्या माणसाचा आवाज ट्रकमार्गे टॉवरपर्यंत जाईल, पुढच्या बजेटला मी परत तेच मागणार आहे.