बडोद्याचा फिल्म फेस्टिव्हल: पास घ्यावा का, आणि घेतला तर बघावं काय

पाचपैकी साडेतीन. म्हणजे पुढच्या वर्षीही जाणार, पण कुरकुरत. पिक्चर चांगले आणले होते, घोळ सगळा टाइमटेबलचा. एक स्क्रीन अलकापुरी साइडला मल्टिप्लेक्समध्ये, दुसरं ठिकाण रावपुऱ्याकडे जुन्या हॉलमध्ये आणि दोन शोच्या मध्ये गॅप किती तर वीस मिनिटं. संध्याकाळी सहाला अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यातून, वीस मिनिटांत कोण निघालंय, दाखवा मला. तेव्हा एका दिवशी एकच थिएटर धरायचं आणि तिथे जे लागलंय त्यातलंच निवडायचं, हा आमच्या घरचा नियम.

आधी पासचं बोलते. काउंटरवर रोज कोणीतरी भांडत असायचं की मला एकाच पिक्चरचं तिकीट द्या ना, पास कशाला. तर त्याचं असं आहे, फेस्टिव्हलला बाहेरचे पिक्चर सेन्सॉर सर्टिफिकेट नसताना दाखवतात, त्यासाठी माहिती-प्रसारण खात्याकडून सूट घ्यावी लागते आणि ती सूट डेलिगेट म्हणजे आधी नाव नोंदवलेल्या लोकांच्या शोपुरती असते, म्हणून ते नाव नोंदवा, गळ्यात कार्ड घाला वगैरे. एवढं एका कागदावर लिहून काउंटरला चिकटवलं असतं तर व्हॉलंटियर पोरींचा घसा वाचला असता. आणि पास आहे म्हणजे सीट आहे असं समजू नका, जो आधी येईल तो बसेल. गाजलेलं नाव असेल तर पाऊण तास आधी लाइनीत लागा, बाकीच्यांना दहा मिनिटं आधी गेलं तरी चालतं.

आता निवडायचं कसं. कॅटलॉगमधल्या चार ओळी वाचून तर अजिबात नको. सगळ्याच पिक्चरमध्ये कोणीतरी खूप वर्षांनी गावी परत येतं आणि जुनं काहीतरी बाहेर येतं, त्यातून काय कळणार. दुसरं म्हणजे पोस्टरवरची ती पानांची कमान. तिच्यात ‘ऑफिशियल सिलेक्शन’ लिहिलं असेल तर याचा अर्थ कुठल्यातरी फेस्टिव्हलने पिक्चर घेतला इतकाच, बक्षीस मिळालं असं नाही. फिल्मफ्रीवेसारख्या साइटवरून फी भरून जगभर एंट्र्या पाठवता येतात, त्यामुळे पोस्टरवर चौदा कमानी दिसल्या की मला उलट शंकाच येते. खालचं बारीक नाव वाचा. कान, व्हेनिस, बर्लिन, लोकार्नो, रॉटरडॅम, बुसान असलं काही असेल तर डोळे मिटून जा. आपल्या मराठी ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलचं वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागातलं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं, तसली एक कमान बाकीच्या चौदांना भारी.

आणि मोठा स्टार असलेला, पुढच्या महिन्यात रिलीज होणारा पिक्चर सोडून द्या, त्यालाच सगळ्यात लांब लाइन असते आणि तो ओटीटीवर येणारच आहे. त्या वेळात शॉर्ट फिल्मचं पॅकेज बघा. दीड तासात सहा-सात होतात, एखादी रटाळ निघाली तरी पंधरा मिनिटांत सुटका, आणि हॉल अर्धा रिकामा असल्यामुळे पाय पसरून बसता येतं.

माझा जीव मात्र जुन्या, रिस्टोर केलेल्या पिक्चरमध्ये. ‘मंथन’ लावला होता. १९७६ चा, श्याम बेनेगलांचा, गावातल्या दूध सोसायटीच्या गोष्टीचा, गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो फोर-के मध्ये नवा केला आणि २०२४ ला कानच्या क्लासिक्स सेक्शनमध्ये दाखवला. आम्ही तो टीव्हीवर कितीदातरी पाहिलाय, पण तिथे रंग असे धुरकट दिसायचे की म्हैस कुठली आणि सावली कुठली कळायचं नाही. इथे स्मिता पाटीलच्या कपाळावरचा घाम दिसतो हो! अमूल डेरीचं आणंद इथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे हॉलमध्ये निम्म्या लोकांचं कोणी ना कोणी डेरीत होतं की काय असं वाटत होतं, गाणं सुरू झालं (तेच, नंतर अमूलच्या जाहिरातीत आलेलं) तर मागच्या रांगेतल्या बेन मोठ्याने गायलाच लागल्या आणि कोणी गप्प करेना. पटकथा विजय तेंडुलकरांची, तिला नॅशनल अवॉर्ड मिळालंय. हे नाव पडद्यावर आलं तेव्हा माझ्या आत्याने कोपराने असं ढोसलं की जणू तेंडुलकर आमच्या दांडिया बाजारातच राहायचे.

आत्यावरून आठवलं, जुन्या हॉलमध्ये पुढच्या रांगा सपाट आहेत, पुढच्याचं डोकं सबटायटलवर येतं. इराणी पिक्चरला आत्या दर दोन मिनिटांनी विचारत होती, काय म्हणाला गं तो? सरळ बाल्कनीत बसा.

त्याच इराणी पिक्चरला आधी पाऊण तास नुसता निळा पडदा होता. आजकाल पिक्चर डीसीपी म्हणून हार्ड डिस्कवर येतो, त्याला कुलूप असतं आणि त्या कुलपाची किल्ली, केडीएम म्हणतात तिला, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळेत, त्याच मशीनवर चालते. शो हलवला पण नवी किल्ली मागवली नव्हती. चूक होते, समजू शकते, पण पाऊण तास कोणी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलू नये? शेवटी प्रोजेक्टरवाला मुलगाच बाहेर आला आणि लोकांना समजावत बसला, बिचारा. त्या शोमुळे पुढचे सगळे लांबले आणि रात्रीचा शेवटचा कॅन्सल.

खाण्याचं म्हणाल तर आत पॉपकॉर्नचे भाव ऐकून भूक मरते, बाहेर सेव उसळ खा, पण दोन शोच्या मध्ये झणझणीत तरी मारून एसी हॉलमध्ये शिरू नका, शेजारच्याचा तरी विचार करा.

आयोजकांना दोन मागण्या. लॉबीत म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या ठेवा. आणि डायरेक्टरशी प्रश्नोत्तरं असतात तेव्हा माइक ज्याच्या हातात जाईल त्याच्याकडून तो परत घ्यायला एक धट्टाकट्टा व्हॉलंटियर नेमा, एका काकांनी प्रश्न म्हणून स्वतःच्या कॉलेजच्या नाटकाची अख्खी स्टोरी सांगितली आणि डायरेक्टर बाई मान डोलवत उभ्या.