खिशातला, बाटलीएवढा की ट्रॉलीवाला? गोव्यातल्या घरासाठी चार्जिंगचा स्पीकर

स्पीकरच्या खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत वॅट छापलेले असतात, आणि निवड करताना सगळ्यांत कमी उपयोग त्यांचाच. वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. ‘पीएमपीओ ५००० वॅट’ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) असं लिहिलं असेल तर तो सोडूनच द्या, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते बघा. त्याच्याही आधी ठरवायचं ते हे की गाणी कशातून वाजणार.

फोन असेल तर ब्लूटूथने भागतं. पण भजनं, नाट्यपदं भरून ठेवलेला जुना म्युझिक प्लेअर असेल आणि त्याला फक्त हेडफोनचं ३.५ मिमीचं भोक असेल, तर बाजारातले बरेच नावाजलेले स्पीकर तिथेच बाद होतात. जेबीएल कंपनीच्या चार्ज ४ ला ऑक्सची (३.५ मिमीची वायर लावून गाणं आत घ्यायची) जागा होती, चार्ज ५ ला नाही. फ्लिप ५ पासून ती गेली, गो ३ लाही नाही. गो ३, फ्लिप ६, चार्ज ५ यांचं टाइप-सी नुसतं चार्जिंगसाठी आहे, त्यातून गाणं आत जात नाही. फ्लिप ७ आणि चार्ज ६ टाइप-सीतून गाणं घेतात, पण त्यासाठी प्लेअरनेही यूएसबीतून आवाज बाहेर द्यायला हवा, आणि जुने प्लेअर तो देत नाहीत. मग उरतात दोन वाटा: हेडफोनच्या भोकात बसणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर (चार्ज करायला आणखी एक वस्तू), किंवा ऑक्स असलेला स्पीकर. घरात एका जागी ठेवून ऐकायचं असेल तर दुसरी वाट बरी.

ऑक्सने जोडलं की प्लेअरचा आवाज ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवून बाकीचं स्पीकरवर करा. दोन्ही पूर्ण चढवले की तार षड्जावर आवाज फाटतो आणि दोष स्पीकरला मिळतो. प्लेअर आणि स्पीकर एकाच चार्जरवर लावून ऐकलं तर मागे घूं असा आवाज येतो. दोघांतला एक बॅटरीवर चालवा, तो थांबतो.

आता आकार. इथे खरा फरक खालच्या सुरांत पडतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर. खिशातला गो ३ खाली ११० हर्ट्झपर्यंतच जातो, म्हणजे त्या तारेचा मूळ सूर वाजतच नाही. वरच्या स्वरांवरून कान तिची भरपाई करून घेतो. बाटलीएवढा फ्लिप ६ कागदावर ६३ हर्ट्झपर्यंत आणि चार्ज ५ ६० पर्यंत उतरतो. पारखायला घुमट (मातीच्या मडक्याचं वाद्य) आरतीचं रेकॉर्डिंग सगळ्यांत चांगलं. खिशातल्या स्पीकरवर कांसाळें (झांज) कानात घुसतं आणि घुमटाची टकटक होते. बाटलीएवढ्यावर घुमटाला पोट येतं. नुसती बातमी, प्रवचन, कीर्तन ऐकायचं असेल तर मात्र लहानच घ्यावा. बोलणं त्यात स्पष्ट येतं आणि गो ३ चं वजन २०९ ग्रॅम.

बॅटरीचे तास वाचताना एक भागाकार करून बघा. चार्ज ५ ची बॅटरी २७ वॅट-तासांची, स्पीकर ४० वॅटचा आणि दावा २० तासांचा. २७ ला २० ने भागलं तर येतात १.३५ वॅट. म्हणजे हे तास अगदी मध्यम आवाजाचे झाले. फ्लिप ६ ची बॅटरी १७ वॅट-तासांच्या थोडी वर आणि दावा १२ तास, हिशेब तोच. अंगणात पूर्ण आवाजावर लावला तर त्यातले निम्मेही तास हाती लागतील असं धरून चालू नका. पावसात तासन्‌तास वीज जाते अशा गावात चार्ज ५ चा आणखी एक फायदा: त्यावरून फोनही चार्ज होतो, अर्थात गाण्याचे तास त्यातूनच कापले जातात.

खोक्यावर धूळ-पाण्यापासून बचावाचा शिक्का असतो. त्यातला आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण ही चाचणी गोड्या पाण्यातली. दर्यावर नेलात तर घरी आल्यावर नळाच्या पाण्याने धुवा, जाळी आणि चार्जिंगचं भोक झटका आणि पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नका. खारं पाणी उरलेल्या भोकात वीज गेली की पिना हिरव्या पडतात, आणि मग स्पीकर चांगला असूनही चार्ज होत नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवणं त्याहून वाईट. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. नुसतं आयपीएक्स४ लिहिलेला शिंतोडे सोसतो, पडवीला तेवढं पुरे.

ट्रॉलीवाल्याचा, म्हणजे चाकांवर ओढायच्या मोठ्या स्पीकरचा, विचार वेगळा. चवथीला (गणेश चतुर्थीला) पंधरा-वीस माणसांची आरती, घरचं भजन, माईकवर कोणीतरी गाणार, असं असेल तर लहान स्पीकर कितीही महाग घेतला तरी पुरत नाही. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. शिवाय ट्रॉलीला ऑक्स, माईक आणि पेनड्राइव्ह तिन्ही असतात. त्यातल्या अनेकांत आत १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते, ४.५ किंवा ७ अँपिअर-तासांची. ती वापरून झिजते त्यापेक्षा माळ्यावर पडून लवकर मरते. विसर्जनानंतर रिकामी ठेवलेली बॅटरी वर्षभरात आतून सल्फेट (शिशाच्या पट्ट्यांवरचा कडक थर) धरते, आणि पुढच्या चवथीला हिरवा दिवा लागूनही दहा मिनिटांत स्पीकर बंद पडतो. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. चार्जिंग काढून काही तासांनी मल्टिमीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी ठीक, १०.५ च्या खाली गेलेली बहुधा बदलावीच लागते. ७ अँपिअर-तासांची बॅटरी कॉम्प्युटरच्या लहान यूपीएसमध्ये असते तीच, त्यामुळे यूपीएस दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. याउलट लिथियमचा लहान स्पीकर ठेवून द्यायचा तर निम्मा चार्ज करून ठेवा.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आणि शक्यतो ३२ जीबीपर्यंतचा घ्या. पुष्कळ स्पीकर फाइल नावाप्रमाणे न वाजवता कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात, म्हणून ‘सुखकर्ता’च्या आधी मंत्रपुष्पांजली सुरू होते. पेनड्राइव्ह रिकामा करून आरत्या हव्या त्या क्रमाने एकेक कॉपी करा.

रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ट्रॉली बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५.

एकट्याने किंवा दोघांनी ऐकायला आणि प्लेअरला ब्लूटूथ असेल तर फ्लिप ६ च्या वर पैसे घालायचं कारण नाही. दोन जोडून स्टिरिओ करायचा बेत असेल तर एकाच मॉडेलचे घ्या. फ्लिप ६ फ्लिप ७ शी जुळत नाही. दुकानात जाताना आपला प्लेअर, आपली वायर आणि आपलं रेकॉर्डिंग न्या. टाइप-सी ते टाइप-सी वायर लावूनही चार्जिंग सुरू होतं का ते तिथेच बघा. पुष्कळ स्वस्त स्पीकरांत त्यासाठी लागणारे दोन लहान रेझिस्टर बसवलेले नसतात, मग ते फक्त जुन्या चौकोनी यूएसबीच्या वायरीवरच चार्ज होतात आणि घरी आल्यावर माल बिघडलेला वाटतो.