रंगखात्यातल्या पुरुषांसाठी : अश्वगंधा की डाळिंब?

सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या रंगखात्यात काम करणाऱ्या आणि घरात पाळणा हलावा अशी इच्छा असणाऱ्या पुरुषाला अश्वगंधा आणि डाळिंब हे दोन सल्ले हमखास मिळतात. शिसे, कॅडमियम किंवा कीटकनाशकांमुळे शरीरात ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा अतिरेक) वाढतो आणि शुक्रजंतूंच्या आवरणात असंतृप्त मेदाम्ले भरपूर असल्याने त्यांना त्याची झळ लवकर लागते. हा ताण कमी करण्याचा गुण दोन्ही वनस्पतींत आढळला आहे.

पुरावा पाहिला तर अश्वगंधेची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवे. वंध्यत्व असलेल्या पुरुषांवर झालेल्या लहान चाचण्यांत तिच्या मुळांमुळे शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल वाढल्याचे दिसले. डाळिंबावरचे बरेचसे काम मात्र उंदरांपुरतेच आहे. असे असूनही मी अश्वगंधा बंद केली. सुट्या चूर्णाचा रंग आणि वास दर खेपेला बदलत असे आणि त्यात शिसे किती, याचा तपासणी अहवाल मागितल्यावर एकाही दुकानात मिळाला नाही. आयुर्वेदिक औषधांसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) आणि कॅडमियमची ०.३ पीपीएम ठरलेली आहे. परंतु मुळे जमिनीतले धातू शोषून घेतात, त्यामुळे ज्या शिशापासून बचाव करायचा तेच आपण रात्री दुधातून घेत तर नाही ना, ही शंका माझी पाठ सोडेना. तपासणी अहवालासह चूर्ण मिळत असेल आणि थायरॉईड किंवा यकृताचा विकार नसेल, तर वैद्यांच्या सल्ल्याने ते घ्यायला माझी हरकत नाही.

डाळिंबही निर्धोक नाही. तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगासाठी बागेत वरचेवर फवारण्या होतात, म्हणून शेवटची फवारणी कधी झाली हे सांगणाऱ्या ओळखीच्या बागायतदाराकडूनच मी भगवा जातीचे डाळिंब घेतो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाच्या बाबतीत सोलापूरकरांना एवढी सोय नक्कीच आहे. प्युनिकॅलॅजिन हा ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करणारा डाळिंबातला महत्त्वाचा घटक सालीत अधिक असतो, पण फवारा सालीवरच बसत असल्याने मी दाण्यांवर समाधान मानतो. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

माझ्या पुढच्या वीर्यतपासणीत हालचाल सुधारलेली दिसली. त्याच काळात मी मास्क आणि हातमोजे नेमाने वापरू लागलो होतो, त्यामुळे सगळे श्रेय फळाला देता येणार नाही. तरी माझी पसंती डाळिंबालाच आहे. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, तेव्हा कोणताही पर्याय निवडला तरी तीन महिन्यांच्या आत केलेल्या तपासणीवरून त्याला नावे ठेवू नयेत.