दोन चॅनेलचा स्मार्ट रिले बिघडला: पुन्हा तसाच घ्यावा, की एकेका चॅनेलचे दोन?

स्मार्ट रिले म्हणजे स्विचबोर्डात बसणारी, ॲपवरून दिवे-पंखे चालूबंद करणारी छोटी डबी. दोन चॅनेलची असली की ती दोन उपकरणं सांभाळते. ॲपमध्ये दिवा ‘बंद’ दिसतोय आणि डोक्यावर मात्र तो लख्ख जळतोय. त्याच रिलेवरचा पंखा शहाण्यासारखा वागतोय. अशा वेळी हात आधी नव्या रिलेकडे जातो. माझाही गेला होता. नवा दोन चॅनेलचा रिले बसवला, आणि काही आठवड्यांत त्याचाही तोच चॅनेल तसाच चिकटला. दोष रिलेचा नव्हताच. त्या एका चॅनेलवर सहा एलईडी पॅनेल एकत्र जोडलेली होती.

एलईडीचे वॅट कमी असतात म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण एलईडीला वीज पुरवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो आणि स्विच टाकताक्षणी तो रिकाम्या घागरीसारखा करंट ओढून घेतो. हा झटका एखाद्या मिलिसेकंदाच्या आतबाहेरचा असतो, पण नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट मोठा. रिलेचे कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे धातूचे तुकडे, नेमके त्या क्षणी मिटत असतात, ठिणगी पडते आणि एके दिवशी ते एकमेकांना वितळून चिकटतात. मग एक चॅनेलचा रिले लावा नाहीतर दोन चॅनेलचा, त्या जागी दोघांची गत एकच. म्हणून काय घ्यायचं हे ठरवण्याआधी बिघाड कोणाचा आहे ते पाहावं.

त्यासाठी आधी कान लावा. आज्ञा दिल्यावर ‘टिक’ होत नाही आणि दिवा चालूच राहतो, तर कॉन्टॅक्ट बहुधा चिकटलाय. ‘टिक’ होते पण दिवा लागत नाही, तर कॉन्टॅक्ट जळलाय किंवा पुढची वायर सैल आहे. मग एमसीबी पाडून दोन्ही चॅनेलच्या आउटपुट वायरींची अदलाबदल करा आणि थोडा वेळ चालवून पाहा. बिघाड वायरीबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेला, तर दोष दिव्याकडचा. जागीच राहिला, तर रिलेचा. हात घालण्यापूर्वी वीज खरंच बंद आहे का, हे नुसत्या निऑन टेस्टरवर ठरवू नका. शेजारच्या वायरीतून आलेल्या नुसत्या भासमान व्होल्टेजनेही तो उजळतो. या कामाची सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

आता दोन्ही चॅनेल एकदमच रुसत असतील, तर गोष्ट निराळी. इथेच दोन पर्यायांतला खरा फरक दिसतो. दोन चॅनेलच्या रिलेमध्ये पॉवर सप्लाय एक, चिप एक, रेडिओ एक. त्यातलं काहीही गेलं की दिवा आणि पंखा दोन्ही हातचे गेले. शिवाय कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या दोन्ही कॉइल त्याच इवल्याशा डबीत तापतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमानाच्या दर 10 अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. बंद स्विचबोर्डात त्याचा प्रत्यय येतो. करंटची मर्यादाही नीट वाचावी: शेली प्लस 2पीएमसारख्या रिलेवर प्रत्येक चॅनेलला 10 अँपिअर लिहिलेले असतात, पण दोन्ही मिळून 16. दहा अधिक दहा वीस, असा हिशेब तिथे चालत नाही.

दोन सुटे रिले घेतले की एक गेला तरी दुसरा चालतो, आणि दोष शोधणंही सोपं. पण त्यांचीही किंमत मोजावी लागते. फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे न्यायचे, म्हणजे जोड जवळपास दुप्पट. सैल स्क्रू हे माझ्या अनुभवात बिघाडाचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, त्यामुळे ‘सुटे म्हणजे भरवशाचे’ हे मी सरसकट मानत नाही. बोर्डात जागा नसेल आणि वायरी कोंबून झाकण दाबावं लागत असेल, तर दोन चॅनेलचाच बरा. दिवा आणि पंखा वेगवेगळ्या एमसीबीवर असतील तर मात्र सुटेच. एकाच रिलेत दोन सर्किटं मिसळली, तर एक एमसीबी पाडून निर्धास्त झालेल्या माणसाला दुसऱ्या सर्किटचा झटका बसू शकतो.

काही तक्रारी हार्डवेअरच्या वाटतात, पण नसतात. भिंतीवरचा स्विच दोनदा दाबावा लागतो? त्या चॅनेलचा इनपुट बेल-बटणासाठी ठेवलाय आणि स्विच साधा आहे. वीज जाऊन परत आल्यावर दोन्ही दिवे आपोआप लागतात? पॉवर आल्यावरची स्थिती प्रत्येक चॅनेलला वेगळी ठरवावी लागते. झिगबीच्या (वायफायसारख्याच दुसऱ्या एका बिनतारी पद्धतीच्या) दोन चॅनेलच्या रिलेत ऑटोमेशनने चॅनेल न सांगता आज्ञा पाठवली, तर भलताच दिवा लागू शकतो. असा घोळ सुट्या रिलेत होतच नाही.

वायफाय की झिगबी, हा प्रश्न इथे दुय्यम. वायफाय रिलेचा सिग्नल उणे 80 डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप) खाली घसरत असेल, तर धातूचा बोर्ड किंवा राउटरचं अंतर तपासा. रिले बदलून फरक पडणार नाही. न्यूट्रलवर चालणारे झिगबी रिले सहसा इतरांचे संदेशही पुढे पोहोचवतात. तो काढला की आसपासचे सेन्सर काही काळ गप्प होऊ शकतात. त्याला नवा बिघाड समजून दिवसभर डोकं खाजवणारे मी पाहिलेत.

पडद्याच्या किंवा शटरच्या मोटरसाठी मात्र दोन सुट्या रिलेंचा विचारही करू नका. वर आणि खाली या दोन वायरींना एकाच वेळी वीज मिळाली तर मोटर जळू शकते. दोन चॅनेलच्या बऱ्याच रिलेंत शटर मोड असतो, तसाच रिले घ्या. एक चॅनेल चालू असताना तो दुसरा चालू होऊ देत नाही. तो मोड निवडून मगच मोटरच्या वायरी जोडायच्या. आणि हे कुलूप सॉफ्टवेअरचं आहे, चिकटलेल्या कॉन्टॅक्टला ते अडवू शकत नाही. म्हणून मोटर जोडण्याआधी दोन्ही आउटपुटवर एकेक साधा बल्ब लावून पाहावा: दोन्ही बल्ब एकाच वेळी लागले, तर तो रिले मोटरला जोडायचा नाही.

माझ्या घरात शेवटी दिवा आणि पंखा सुट्या रिलेंवर गेले. सहा पॅनेलचा भार आता कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भार पेलणारा दणकट रिले, उचलतो, रिले फक्त त्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो. त्या कॉइललाही आरसी स्नबर (झटका शोषून घेणारा छोटा भाग) लावावा लागला, कारण बंद होताना ती उलटा झटका देते.