‘लास्ट’मध्ये त्याचं नावच नव्हतं

लिनक्स सर्व्हर स्वतः सांभाळणाऱ्यांनी हे वाचावं, खासकरून ज्यांना माझ्यासारखं थोडंथोडं सगळं येतं आणि त्यामुळे आपल्याला बरंच येतं असं वाटतं.

माझा भाड्याचा एक सर्व्हर आहे. एके सकाळी तो मुंगीच्या पावलानं चालायला लागला. कामं अडली होती, म्हणून ओळखीतून मिळालेल्या एका फ्रीलान्सरला गाठलं. बोलायला अगदी नम्र. त्यानं पासवर्ड मागितलाच नाही. “सर, पासवर्ड कुणालाही देत जाऊ नका. मी माझी पब्लिक की पाठवतो, ती तुमच्या ऑथराइज्ड कीज फाईलमध्ये टाका.” म्हणजे पासवर्डऐवजी चावी; त्या फाईलमध्ये जिची ओळ असेल तिला आत येता येतं. मी खूश. मी ती ओळ स्वतःच्या हातानं पेस्ट केली आणि सुडोही (रूट, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी युजरच्या हक्कानं कमांड चालवायची मुभा) दिला, कारण त्याशिवाय काम होणार नव्हतं. तासाभरात सर्व्हर पळायला लागला. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बग होता, पॅच मारला, असं तो म्हणाला. पैसे घेतल्यावर आपणहून म्हणाला, “आता माझी चावी काढून टाका सर, सिक्युरिटीच्या दृष्टीनं बरं.”

या एका वाक्यावर मी विकला गेलो.

काही दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा चावी घातली, त्यानं दुरुस्त केलं, मी पैसे दिले आणि चावी काढली. या खेपेला कारण होतं ‘बाहेरून अटॅक’. तिसऱ्यांदा बिघडलं तेव्हा त्यानं मंथली मेंटेनन्सचा विषय काढला. मी हो म्हणायच्या बेतात होतो.

शंका मला आलीच नव्हती असं नाही. दुसऱ्या वेळेनंतर मी ‘लास्ट’ कमांड चालवून पाहिली होती, सर्व्हरवर कोण कधी लॉगिन झालं याची यादी ती दाखवते. लॉगिन फक्त माझी आणि त्याच्या कामाच्या वेळची. रूटची बॅश हिस्टरी (टाईप केलेल्या कमांडची नोंद) पाहिली, तीही स्वच्छ. माणसावर उगाच संशय घेतला म्हणून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

माझी चूक इथेच झाली. एसएसएचनं (दूरच्या सर्व्हरवर चावी किंवा पासवर्डनं शिरायची सोय) पलीकडे शेल, म्हणजे कमांड टाईप करायची जागा, उघडून बसावंच लागतं असं नाही. ओळीच्या शेवटी कमांड जोडली की ती तिकडे चालते, उत्तर इकडे येतं, जोडणी तुटते. असं करताना टर्मिनल घेतलं जात नाही, त्यामुळे ‘लास्ट’ला सहसा पत्ता लागत नाही. शेल इंटरॅक्टिव्ह नसतो, म्हणून हिस्टरीतही ओळ पडत नाही. आणि गंमत म्हणजे डिस्कवर जागा किती उरली हे मी रोज असंच बघतो! माझ्या स्वतःच्या या फेऱ्या ‘लास्ट’मध्ये कधी दिसल्या नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्याला बोलावलं, पण तो काम करत असताना मी दुसऱ्या खिडकीत पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून बसलो. सीपीयू खाणारी प्रोसेस चौकोनी कंसात, केवर्कर नावानं. असं नाव कर्नलच्या स्वतःच्या थ्रेडचं असतं, म्हणून आजवर मी तिकडे दुर्लक्ष करायचो. पण खऱ्या कर्नल थ्रेडच्या मेमरीच्या रकान्यात शून्य असतं आणि त्याचा पेरेंट, म्हणजे त्याला जन्म देणारी प्रोसेस, क्रमांक २ असतो. हिनं भरपूर मेमरी धरली होती आणि पेरेंट १ होता. प्रोसेस आपलं दिसणारं नाव हवं ते ठेवू शकते. सुरू झाल्याची वेळ होती पहाटे २ वाजून १३ मिनिटं.

मग ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या नोंदींची फाईल, उघडला (लिनक्सच्या काही आवृत्त्यांमध्ये ही फाईल सिक्युअर नावाची असते). २ वाजून ११ मिनिटांनी रूटसाठी पब्लिक की स्वीकारल्याची नोंद. त्याच दिवशी सकाळी तो दुरुस्तीला आला, तोही त्याच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून). इतका बेफिकीर! मी लॉग बघणार नाही याची त्याला खात्री होती, आणि तोवर ती खरीही होती.

मी चावी काढत होतो ती माझ्या युजरच्या फाईलमधून. रूटच्या फाईलमध्ये दोन ओळी होत्या आणि दोन्हींच्या शेवटी माझ्याच लॅपटॉपचं नाव. एकच ओळ चुकून दोनदा पेस्ट झाली असावी, असं कुणालाही वाटलं असतं. ईडी२५५१९ प्रकारच्या सगळ्या चाव्यांची सुरुवात सारखीच दिसते, आणि शेवटचं नाव ही नुसती टीप असते, तिथे काहीही लिहिता येतं. फरक होता तो मधल्या अक्षरांत. एसएसएच कीजेन या कमांडनं दोन्हींचे फिंगरप्रिंट (चावीची छोटी ओळखखूण) काढले तेव्हा ते वेगळे निघाले, आणि पहाटेच्या नोंदीतला फिंगरप्रिंट दुसऱ्या ओळीचा.

एसएसएचच्या आधी दूरच्या मशीनवर जायला टेल्नेट वापरायचे, त्या काळात पासवर्ड वायरवरून उघडा जायचा. नेटवर्कवर कान लावून पासवर्ड चोरण्याचा प्रकार विद्यापीठात घडला, म्हणून १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेननं एसएसएच लिहिलं. वाटेतल्या चोराचा बंदोबस्त एसएसएचनं केला. मी चोराला पायघड्या घालून आत घेतलं, त्याला ते बिचारं काय करणार?

फ्रीलान्सरला विचारलं तर म्हणाला, “सर, ती तुमच्याच लॅपटॉपची चावी आहे, नाव वाचा ना.”

मी लॉगची प्रत बाहेर काढली आणि नवा सर्व्हर कोरा उभा केला. ज्याच्या हातात रूट होता त्यानं आणखी काय पेरलं असेल ते शोधत बसण्यात अर्थ नाही. डेटाबेसचे पासवर्डही सगळे बदलले, कारण ते त्याच्या डोळ्यांखालून गेले होते. आता कुणाला आत घ्यायचं झालं तर वेगळा युजर, आणि चावीच्या ओळीतच एक्सपायरी टाइम घालतो. ओपनएसएसएच ७.७ पासून ही सोय आहे. कुठल्या पत्त्यावरून यायचं तेही त्याच ओळीत बांधून देता येतं. रूटचं एसएसएच लॉगिन पूर्ण बंद केलं. मूळ सेटिंगमध्ये रूटला फक्त पासवर्डनं येता येत नाही, चावीनं येता येतं, हे मी फार उशिरा वाचलं.

जुना सर्व्हर ती चावी काढून आठवडाभर मुद्दाम चालू ठेवला. चौथ्या पहाटे लॉगमध्ये रूटसाठी आलेली, ओळख पटण्याआधीच तुटलेली जोडणी दिसली. दोन मिनिटांनी आणखी एक. सकाळी त्याचा मेसेज आला: “सर, सर्व्हर नीट चाललाय ना?”